टोकन

ओळ एकशे बारापर्यंत सगळं ठाऊक असतं:
रुंदी म्हणजे सात,
पत्ता रिकामा नाही,
कुलूप लावलेलं.
एकशे तेराला एक हाक जाते दुसऱ्या फंक्शनला,
आणि एकशे चौदाला आमचा विश्लेषक
घेरी येऊन उठलेल्या माणसासारखा:
रुंदी? असेल काहीही.
पत्ता? सांगता येत नाही.
कुलूप? कसलं कुलूप?

हे लेलोनं लिहिलं, सतरा वर्षांपूर्वी,
इथेच, तार्तूत, नदी गोठलेली असताना.
वर तिची टीप:
'हाकेपलीकडचं मला दिसत नाही.
दिसत नाही ते घडलंच असं धरा.'
दुधानं पोळलेली बाई, ताक फुंकून प्यायली.
चुकली नाही ती. फक्त
नऊशे खोट्या इशाऱ्यांच्या गर्दीत
जे काही खरं होतं ते कुणी वाचलंच नाही.

मी आधी सोपं ते केलं.
प्रत्येक फंक्शनकडून चिठ्ठी लिहून घेतली:
कशाला हात लावतोस, कशाला नाही,
काय घेतोस, काय परत देतोस.
सगळ्यात तळाच्यांपासून सुरुवात,
जे स्वतः कुणालाच हाक मारत नाहीत.
रुंदीला कुणी शिवलंही नव्हतं.
हाकेआधी सात, हाकेनंतर सात.
रिकाम्या ऑफिसात मी एकट्यानंच टाळी वाजवली.

मग घोळ.
एक चिमुकलं फंक्शन, हाक मारणारे दोघे.
एकानं शून्य दिलं, दुसऱ्यानं चार.
आत दोघं मिसळले,
आणि बाहेर पडताना शून्यवाला
चारवाल्याच्या दारातून निघाला.
असा रस्ता त्या प्रोग्रॅममध्ये कधीच नव्हता.
आम्हीच तो चालत होतो.

आई नाट्यगृहात कोट सांभाळते.
जानेवारीत एका रात्री चारशे कोट,
त्यातले तीनशे काळे.
सूप वाढता वाढता तिनं ऐकलं, म्हणाली,
'टोकन देत नाहीस का तू त्यांना?'
मी चमचा खाली ठेवला नाही, पूर्ण जेवलो,
पण बसमध्ये माझा थांबा मागे गेला.

टोकन: कुठल्या ओळीवरून आलास ते.
आत जाताना घे, निघताना तेच दाखव.
शून्य शून्याच्या घरी गेलं, चार चाराच्या.

मग आलं स्वतःलाच हाक मारणारं एक.
टोकनावर टोकन, खुंट्या पुरेनात,
मशीनचा पंखा रडकुंडीला आला.
'आमच्याकडेही आकडे पाचशेलाच संपतात,'
आई फोनवर, 'पुढचे सगळे एकाच खुंटीवर.'
तर मागच्या दोन हाका लक्षात ठेवायच्या,
त्यापुढे सरमिसळ कबूल,
आणि फिरत राहायचं त्याच वर्तुळात
एका फेरीत काहीच नवं कळेनासं होईपर्यंत.
ते थांबणार हे कागदावर सिद्ध होतं.
तरी चौथ्या फेरीला थांबलं तेव्हा
मी खुर्चीतून उठून उभा होतो.

नऊशेंतले एकतीस उरले.
एकोणिसावा खरा निघाला:
तीन हाका खोल, एक रिकामा पत्ता,
हातोहात पुढे सरकवलेला,
आधीच्यानं पाहिलं असेल
असं प्रत्येकानं समजून.

एक जागा मात्र राहिली.
तिथे हाक कुणाला जाते
हे प्रोग्रॅम चालू झाल्यावरच ठरतं.
चिठ्ठी मागायची कुणाकडे?
तिथे लेलोची ओळ तशीच ठेवली,
टिपेसकट, टिपेतल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुकीसकट.

शनिवारी आईला न्यायला गेलो.
प्रयोग संपलेला, दिवे अर्धे,
खुंट्यांवर एकच कोट.
राखाडी, कुणा बाईचा, खिशात संत्र्याची साल.
बाहेर उणे एकोणीस.
'कोटाशिवाय गेली कशी असेल?'
'असेल कशीही,' आई म्हणाली.
दारावरचा दिवा तिनं मालवला नाही.